मोझेलचा शब्द

कट्ट.

बेंझीने बाकाच्या कडेवर बोटाने ठोकलं आणि मी वाचता वाचता थांबले.

"आता काय झालं?"

"टीचर, तुम्ही 'एम्प्टी-हँडेड' म्हणालात," बेंझी म्हणाला. आठ-नऊ वर्षांचं पोर, पण न्यायाधीशासारखा चेहरा केला होता. "माझा शब्द नुसता 'एम्प्टी' आहे. 'हँड' नाथानचा. आणि त्याचा हात इथे आलेलाच नाही. विचारा त्याला."

नाथानने दोन्ही हात वर करून दाखवले. पोरं खिदळली. मी एलोजीकाकांकडे पाहिलं.

"बेंझीचं बरोबर आहे," काका म्हणाले.

"काका, इंग्रजीत असं कोणी बोलत नाही. सुनेला सासूकडे पाठवताना बोआझ सांगतोय, रिकाम्या हाताने जाऊ नकोस. नुसतं 'रिकामी जाऊ नकोस' म्हटलं तर ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल."

"वाटू दे. गोष्टीच्या सुरुवातीला नाओमी काय म्हणते? मी इथून भरलेली गेले आणि देवाने मला रिकामी आणली. नवरा गेला, दोन मुलगे गेले. आणि शेवटाकडे शेतमालक बोआझ तिच्या सुनेच्या, रूथच्या पदरात धान्य घालून म्हणतो, सासूकडे रिकामी जाऊ नकोस. हिब्रूत शब्द तोच आहे. जी रिकामी झाली होती तिच्याकडे रिकामं जायचं नाही. तू इथे दुसरा शब्द घातलास तर त्या दोन शब्दांनी एकमेकांना ओळखायचं कसं?"

मी मनातल्या मनात 'हँडेड' खोडलं. मनातल्या मनात, कारण त्या दिवशी शनिवार होता. आमच्यात शब्बाथला लेखणी हातात धरत नाहीत.

ही गोष्ट अलिबागच्या दक्षिणेला, समुद्राकाठच्या आमच्या गावातली. गावात आम्हा बेने इस्राएलांची एक आळी होती आणि आळीच्या टोकाला आमचं प्रार्थनालय. सगळं गाव त्याला मशीद म्हणायचं, आणि आम्हीही तेच म्हणायचो. शनिवारी दुपारी तिथल्या ओसरीवर एलोजीकाका वाक्रूळकर पोरांना हिब्रू शिकवायचे. मी तिशीची होते, गावातल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. काका बायबलातल्या रूथच्या गोष्टीचं इंग्रजी करत होते, ते तपासायला त्यांनी मला धरलं होतं. मराठी का नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, "आपली माणसं आता देशोदेशी पांगणार. नातवंडं मराठी विसरतील, पण इंग्रजी कुठे ना कुठे त्यांच्या कानावर पडेल."

त्यांचा नियम एकच. हिब्रूतल्या एका शब्दाला इंग्रजीतला एकच शब्द. तो शब्द जिथे जिथे येईल तिथे तोच, आणि दुसऱ्या कुठल्याही हिब्रू शब्दाला तो द्यायचा नाही. काकांचं आयुष्य तार खात्यात गेलं होतं. ते म्हणायचे, "लोकांनी लिहून दिलेला शब्द पुढे पाठवणं एवढंच माझं काम होतं. कोणी 'मदर सीरियस' लिहून दिलं, तर ते वाचून घरच्यांना धक्का बसेल म्हणून मी त्या जागी 'मदर नॉट वेल' पाठवू का? शब्द त्याचा आहे. मी मधला."

शनिवारी लिहायचं नाही, मग तपासायचं कसं? त्यावर काकांनी काढलेली तोड मी पुढे कुठेच पाहिली नाही. त्यांनी एकेक शब्द एकेका मुलाला सांभाळायला दिला होता. काका हिब्रू वाचायचे, मग मी इंग्रजी वाचायचे, आणि आपला शब्द आला की त्या मुलाने कान टवकारायचे. इंग्रजीत ठरलेलाच शब्द आला तर गप्प राहायचं, दुसरा आला तर बाकावर ठोकायचं, तारेच्या यंत्रासारखं, कट्ट. कागदावर काहीही असलं तरी शनिवारी मुलाचं म्हणणं खरं धरायचं. आठवडाभर आम्ही मोठी माणसं लिहायचो आणि शनिवारी पोरं आमचा निकाल लावायची. शाळेत ज्यांची नावं रोज फळ्यावर लिहिली जात, ती पोरंही इथे ताठ बसायची.

आणखी एक गोष्ट होती. एखादं मूल गाव सोडून गेलं तर त्याचा शब्द दुसऱ्याला द्यायचा नाही. मोझेल नावाची मुलगी आदल्या वर्षी आईबापांबरोबर इस्राएलला गेली. तिचा शब्द 'स्टे'. तो ठरवताना खूप मजा झाली होती. मी आधी 'लॉज' सुचवलं, तर बेंझी म्हणाला, टीचर, लॉज म्हणजे भाऊच्या धक्क्याजवळ माझे मामा उतरतात ते, ढेकणांचं. मग 'स्टे' ठरलं. मोझेल गेल्यावर तो शब्द आला की काका क्षणभर थांबायचे, मीही थांबायचे, आणि तेवढी जागा मोकळी सोडून आम्ही पुढे जायचो. त्या वर्षात अशा मोकळ्या जागा वाढत चालल्या होत्या. दर दोन-तीन महिन्यांनी आळीत कोणाच्या तरी अंगणात ट्रंका उन्हात टाकलेल्या दिसायच्या. वाचताना त्या जागांवर पायरी चुकल्यासारखं व्हायचं.

त्या शनिवारी वर्ग सुटायच्या वेळेला काकांचा मुलगा दानियल ओसरीवर आला. तो इस्राएलात लोदला कारखान्यात होता, रजा काढून आईवडिलांना न्यायला आला होता. कागदपत्रं झाली होती, तिकिटं हातात होती, घराला गिऱ्हाईक होतं.

"टीचर," तो मला म्हणाला, "तुमचं हे रूथ केव्हा संपतंय? पपा म्हणतात, शाबुओथच्या सणाला सगळ्यांसमोर एकदा पूर्ण वाचून झालं की मी मोकळा."

"झालंच आहे जवळपास," मी म्हणाले. "शब्द सगळे ठरलेत."

"मग सुटलो. नाहीतर मला वाटलं, त्या मोझेलला लोदला शोधून तिकडून ठोकायला लावतात की काय."

काका हसले. "तिथे जाऊन मीच विचारीन तिला. बाजारात भाजीवाल्याशी हिब्रूत भाव करायचाय मला, दानियल. जन्मभर ही भाषा मी फक्त देवाशी बोललो. तो कधी भाव कमी करत नाही."

आत दाराशी केतुराकाकी सरबताचे पेले भरत होत्या. आदल्या दिवशीच करून ठेवलेलं कोकमचं सरबत असायचं. त्यांनी पोरांना पेले दिले, मला दिला, दानियलला दिला. "आई, तू तुझी भांडीकुंडी वाटून टाक हं," दानियल म्हणाला. "तिकडे सगळं मिळतं." काकी म्हणाल्या, "हो." त्या कशालाही हो म्हणायच्या. रागावलेलं किंवा अडून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी वाचताना मी पहिल्याच पानावर होते. नाओमी परक्या मुलखातून आपल्या गावी परत निघते आणि दोघी विधवा सुनांना सांगते की तुम्ही माहेरी परत जा. तिथे तो शब्द पुन्हा पुन्हा येतो. 'रिटर्न.' तो सेगुलाचा शब्द. सेगुला काकांच्या शेजारच्या घरातली, दहा वर्षांची, वर्गातली सगळ्यात शहाणी मुलगी.

कट्ट.

मी थांबले. "सेगुला, मी 'रिटर्न' म्हणाले."

"हो टीचर." तिने फ्रॉकची कड मुठीत धरली होती. "माझा शब्द 'टर्न बॅक' आहे."

पोरं तिच्याकडे बघायला लागली. नाथान म्हणाला, "ए, काहीतरीच. तुझा 'रिटर्न' आहे. आम्हाला सगळ्यांना माहितीये."

"माझा आहे. मला माहितीये."

मी काकांकडे पाहिलं. 'रिटर्न' हा शब्द देताना मी तिथे बसलेली होते. काका सेगुलाकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "शब्द जिच्याकडे आहे, तिचं खरं. मिलका, लक्षात ठेव. 'टर्न बॅक'."

"काका, सगळं उलटंपालटं होईल. शेवटच्या अध्यायात वेशीपाशी बोआझ एका माणसाला बाजूला बोलावतो, तिथे आपण 'टर्न असाइड' ठेवलंय. मग 'टर्न' दोन हिब्रू शब्दांना होईल. तेही बदलावं लागेल."

"बदलू."

तो आठवडाभर मी शाळा सुटली की काकांकडे बसत होते. एक धागा ओढला की दुसरा निघायचा. 'टर्न असाइड' बदललं तर त्याच्या जागी जे आलं ते तिसऱ्याचं निघालं. दानियल आत-बाहेर येरझाऱ्या घालायचा. कोणी ना कोणी घर बघायला यायचं, भिंतीवर टिचक्या मारून जायचं. कपाट गेलं, पाळणा गेला, जिथे कपाट होतं तिथे भिंतीचा रंग वेगळा दिसायला लागला. काकी चहा आणून ठेवायच्या आणि आमच्या कागदांकडे न बघता परत जायच्या.

सगळं बसवलं. पुढच्या शनिवारी मी 'टर्न बॅक' वाचलं.

कट्ट.

"माझा शब्द 'गो बॅक' आहे," सेगुला म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की काकांनी तिला पुन्हा म्हणायला लावलं.

दानियल ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. तो पुढे आला. "हा काय पोरखेळ चाललाय? पपा, ही कारटी दर आठवड्याला शब्द बदलते आणि तुम्ही नंदीबैलासारखी मान डोलवता? शाबुओथ चार दिवसांवर आलाय."

"दानियल, हा माझा वर्ग आहे."

"आणि ही माझी रजा आहे."

काकांनी सेगुलाकडे पाहिलं. "जा तू. 'गो बॅक'. ठीक आहे."

मी घरी न जाता सेगुलाच्या मागोमाग निघाले. ती विहिरीच्या काठावर बसली होती, पायाने कठड्याचं शेवाळ खरवडत. मी शेजारी बसले. मुलांना एकदम विचारू नये, जरा वेळ नुसतं बसावं. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "टीचर, कोणीतरी आपल्याकडे काहीतरी मागितलं, आणि आपण देतो म्हणालो, तर ते द्यायलाच पाहिजे ना?"

"काय आहे त्यावर आहे."

"आणि कोणी मागितलं ते सांगणार नाही असंही कबूल केलं असेल तर?"

"तर मी विचारणार नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि एकदम रडायला लागली. "मला माझा शब्द 'रिटर्न'च आवडतो," एवढंच म्हणाली.

मला वाटलं, कळलं. जायचं नाही म्हणून म्हातारा पोरीकडून हे करवून घेतोय. माझं डोकं तापलं. मी तशीच काकांकडे गेले. ते मागल्या दारी खाटेवर एकटेच बसले होते. खाटेखाली नवी कोरी चामडी बॅग होती, पट्टे आवळलेली.

"काका," मी म्हणाले, "तुम्हाला जायचं नसेल तर दानियलला सरळ सांगा. पोरीला का मध्ये घेता?"

ते चकित झाले. मग वाकून त्यांनी बॅगेवर हात ठेवला. "मला जायचं नाही? मिलका, ही बॅग मी दानियलचं पत्र आलं त्याच दिवशी भरली. रोज उघडून बघतो. विमान उद्या असलं तर मी आज फाटकात जाऊन बसेन."

"मग सेगुलाला हे कोणी शिकवलं?"

ते बॅगेकडे बघू लागले.

"तुम्हाला माहिती आहे."

"तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय ते आम्हाला दिसायचं नाही," काका म्हणाले. "पण ठोकण्यावरून हात ओळखता यायचा. कोण दमलंय, कोण रागावलंय, कोण नवीन आहे. ओळखलाय मी हात."

"मग विचारा ना त्या माणसाला."

"मी विचारलं तर मला पाहिजे तेच उत्तर येईल. आजवर प्रत्येक वेळेला तेच आलंय. मला ते आत्ता आत्ता कळलं, या वयात." ते बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. "तार येत असताना मध्ये बोलायचं नसतं गं. पूर्ण येऊ द्यायची. म्हणून थांबलोय. तू फक्त लिहीत जा, सेगुला सांगेल ते."

मी बाहेर पडले. काकी अंगणात वाळत घातलेले कपडे काढत होत्या. "जेवून जातेस का गं?" त्यांनी विचारलं. मी नको म्हणाले. खरं सांगायचं तर अजूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. त्यांना मी त्या घरातल्या खांबासारखं धरून चालले होते.

शाबुओथच्या दिवशी दुपारी ओसरी भरली. आळीत उरलेली झाडून सगळी माणसं आली होती, पुरुष खुर्च्यांवर, बायका भिंतीकडच्या चटईवर. कोणी कोणी ओळखीचे शेजारीही होते, ज्यांना ना हिब्रू कळत होतं ना इंग्रजी. दानियल पहिल्या रांगेत बसला होता. त्याचं सामान बांधून झालं होतं, घराच्या किल्ल्या त्याच्या शर्टाच्या खिशात होत्या.

त्या दिवशीचा रिवाज जरा वेगळा होता. मी इंग्रजी वाचताना मुलांच्या शब्दांपाशी थांबायचं आणि ज्याचा शब्द त्याने उभं राहून तो मोठ्याने म्हणायचा. सणाच्या दिवशी कोणी ठोकायचं नाही.

काकांनी सुरुवात केली. दुष्काळ पडतो, एक कुटुंब गाव सोडतं, परक्या मुलखात घरातले पुरुष मरतात. पोरांनी आपापले शब्द खणखणीत म्हटले. मग नाओमी सुनांकडे वळते. मी वाचलं, जा, आपापल्या आईच्या घरी, आणि थांबले.

सेगुला उभी राहिली. तिने तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिची नजर दानियलवरून माझ्यावर आली, माझ्यावरून भिंतीकडे गेली, आणि तिथेच थांबली. दानियल म्हणाला, "झालं. आता आज काय नवीन?"

कट्ट.

सगळ्यांनी पोरांकडे पाहिलं. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. बेंझीने आपले हात पुढे करून दाखवले, मी नाही म्हणून.

कट्ट. पुन्हा. चटईकडून.

केतुराकाकी जमिनीवर मुठीने ठोकत होत्या. बांगड्या वाजल्या.

"सेगुला, खाली बस बाळ," त्या म्हणाल्या. "तिला बोलू नका कोणी. तिला मी सांगितलं होतं."

काकांनी पोथीवर बोट तसंच ठेवून मान वर केली. "केतुरा, ज्याचा शब्द आहे त्याने ठोकायचं. तुझ्याकडे कुठला शब्द आहे?"

"कुठला नाही. दिलाय कुठे तुम्ही? आळीतल्या शेंबड्या पोरांना दिलात. बेंझीला दिलात. मला कधी दिलात?"

"शेंबडा नाहीये मी," बेंझी पुटपुटला.

"आई, चल, घरी बोलू," दानियल उठला.

"घरी तू सतरंज्यासुद्धा गुंडाळल्यास. बसायचं कुठे?" काकी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, सरबत हवंय का विचारताना असायचा तसाच होता. "ऐकत होते मी आतून. ही बाई सुनांना म्हणते परत जा, परत जा. दर शनिवारी. मला वाटायचं, मलाच सांगताहेत सगळे. आपण म्हणे परत जातोय. मी तर तिथे कधी गेलेच नाही. मी इथून कुठेच गेले नाही. मग मी सेगुलाला म्हटलं, तुझा शब्द जरा हलव गं. तो ठरला नाही तर हे वाचून होणार नाही, आणि वाचून झालं नाही तर हे निघणार नाहीत."

काकांनी पोथी मिटली नाही. "तुला काय हवंय, केतुरा?"

"तुम्हाला जायचंय."

"मला काय हवंय ते विचारलं नाही मी. तुला काय हवंय?"

काकी खाली बघत राहिल्या.

"मला इथे राहायचंय," त्या म्हणाल्या.

"का पण?" दानियल म्हणाला. "इथे कोण राहिलंय आता? अर्धी आळी कुलपं लावून गेली. काय आहे इथे?"

"जायला कारण लागतं, दानियल. राहायलाही लागतं का?"

दानियलने वडिलांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मला त्यांची खाटेखालची बॅग आठवत होती. हा माणूस आज काय बोलेल, मला सांगता येत नव्हतं. त्यांनाही माहीत होतं की नाही, कोण जाणे.

"मोझेलचा शब्द मोकळा आहे," शेवटी ते म्हणाले. "दुसऱ्याला द्यायचा नाही, असा माझा नियम आहे. नियम माझाच आहे. केतुरा, तू घेशील?"

"कुठला?"

"'स्टे'."

काकींनी तो शब्द स्वतःशीच एकदा म्हणून पाहिला. मिशनच्या शाळेत त्या दोन-चार इयत्ता शिकल्या होत्या, तेवढं इंग्रजी त्यांना येत होतं. "घेते," त्या म्हणाल्या.

"उठून उभी राहा मग. सगळ्यांसारखं." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वाच, मिलका. मागून घे. सेगुला, तुझा शब्द कुठला?"

"'रिटर्न'," सेगुला म्हणाली, आणि एवढ्या जोरात म्हणाली की शेजारी बसलेले दचकले.

मी वाचत गेले. एक सून रडते आणि माहेरी परत जाते. दुसरी, रूथ, सासूला बिलगून राहते. मग ती दुसरी बोलते. काकांनी आधी हिब्रू वाचलं, नेहमीपेक्षा हळू. मोझेल गेल्यापासून त्या ओळीवर आम्ही दोघं दोनदा थांबून मोकळी जागा सोडायचो.

"व्हेअर यू," मी वाचलं.

"स्टे," काकी म्हणाल्या.

"आय..."

"स्टे."

काकांनी पुढे वाचायचं होतं. त्यांनी पोथीवरचं बोट उचललं नाही. काकी उभ्याच होत्या, अजून आपली पाळी आहे की संपली ते न कळून. काकांनी ती हिब्रू ओळ पुन्हा एकदा वाचली, या वेळी पोथीकडे न बघता, काकींकडे बघत. नियमाप्रमाणे मी इंग्रजी पुन्हा वाचायला हवं होतं, पण ते माझ्यासाठी नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले. मग ते पुढच्या ओळीवर गेले आणि रूथ शेवटपर्यंत वाचून झालं. बेंझीचा 'एम्प्टी' दोन्ही ठिकाणी आला आणि दोन्ही ठिकाणी तोच होता.

दानियल तसाच उठून गेला होता. मी कागद घेऊन काकांकडे पोचले तेव्हा तो रिकाम्या पडवीत उभा होता.

"पपा, तुम्हाला यायचंय. मला माहितीये. आईलाही माहितीये."

"यायचं तर आहेच," काका म्हणाले. "ते काही आज गेलं नाही. पण शब्द दिलाय मी."

"कोणाला? एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच देतात." त्यांनी हात पुढे केला. "किल्ल्या ठेव इकडे. आणि जाताना सतरंजी तेवढी सोड. तुझी आई बसायची आहे."

दानियल एकटा गेला. पुढे काही वर्षं येत-जात राहिला, आईने केलेला खाऊ डबा भरून नेत राहिला. काका-काकी त्या घरात शेवटपर्यंत राहिले. भिंतीवर कपाटाच्या जागेचा रंग वेगळाच राहिला, तिथे दुसरं कपाट आलं नाही. संध्याकाळी काका समुद्रावर जाऊन पश्चिमेकडे तोंड करून उभे राहायचे, कधी कधी त्यांचे ओठ हलत असायचे. प्रार्थना असेल, भाजीचा भाव असेल, मी विचारलं नाही. ती बॅग खाटेखाली होती. काकींनी तिच्यावरची धूळ दर शुक्रवारी पुसली आणि कधीही ती रिकामी करा म्हणाल्या नाहीत.

आता आळीत आम्हा बेने इस्राएलांची दोनच घरं उरली आहेत. ओसरीवर मी अजून शनिवारी मुलांना बसवते, इंग्रजी शिकवते, गावातली सगळी मुलं येतात. पद्धत काकांचीच, एकेका मुलाला एकेक शब्द सांभाळायला. पहिल्या दिवशी मुलाचा हात धरून आई येते, पोराला पुढे ढकलते आणि दाराशीच उभी राहते. मी आधी तिला विचारते, "तुला कुठला हवा?"

"मला कशाला, टीचर?" बहुतेक जणी म्हणतात.

तार पूर्ण येऊ द्यायची असते. मी थांबते.